सोनोग्राफीचा प्रोब आणि खाली पडलेला चिमटा

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर तुम्ही कधी गेला आहात काय? मासळीच्या पाट्या, बर्फ आणि भावाची घासाघीस यांतून वाट काढीत होड्यांपाशी पोहोचलात, तर एखाद्या जाणत्या तांडेलाला मासळी शोधण्याच्या यंत्राविषयी विचारा. ते यंत्र पाण्यात खाली ध्वनी सोडते. हा ध्वनी इतका उच्च असतो की आपल्या कानांना तो ऐकूच येत नाही. म्हणून त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. मासळीच्या थव्यावर किंवा तळावर आपटून तो परत आला, की लागलेल्या वेळावरून खोली कळते.

दवाखान्यातील सोनोग्राफीचे यंत्र हे याच यंत्राचे भावंड. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो आणि आपल्या शरीराच्या मऊ भागांत सुमारे 1,540 मीटर. हे दोन आकडे इतके जवळ कसे? आपले शरीर बहुतांशी पाणीच आहे, म्हणून! पोटावर टेकवलेल्या प्रोबमधून ध्वनी निघाला आणि 130 मायक्रोसेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर तो कोठून आला असेल? गणित करून पाहा. सुमारे 10 सेंटिमीटर खोलीवरून, असे उत्तर येईल. (जाण्यायेण्याचे अंतर दुप्पट असते, हे विसरू नका.)

पण प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळजवळ सर्व ध्वनी तेथूनच मागे फिरतो. ती हवा हाकलण्यासाठी डॉक्टर थंडगार, बुळबुळीत जेल लावतात. येथेच आपल्या विषयाला सुरुवात होते. होडीच्या यंत्राचे डोके सदा समुद्रात धुतले जाते. दवाखान्यातील प्रोब मात्र दिवसभर एका पोटावरून दुसऱ्या पोटावर जातो आणि सोबत जेल, घाम व जीवाणू नेतो.

मग तो उकळून का घेत नाहीत? शस्त्रक्रियेची हत्यारे दाबाखालच्या वाफेत 121 अंश सेल्सिअसला ठेवतात, तसा प्रोबही ठेवावा! पण तसे केले तर तो निकामी होईल. प्रोबच्या पोटात दाबविद्युत् पदार्थाच्या बारीक पट्ट्या असतात. दाब दिला की त्यांत वीज उत्पन्न होते आणि वीज दिली की त्या थरथरतात. पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी 1880 साली हा गुण प्रथम दाखविला. या पट्ट्या चिकटवून बसविलेल्या असतात आणि वाफेच्या उष्णतेने जोड सुटतात. स्पिरिटही सर्व प्रोबना मानवत नाही. काहींचा रबरी पडदा त्याने सुकून तडकतो. ती तडक आपल्याला दिसत नाही, पण जीवाणूच्या दृष्टीने ती मोठी दरीच.

तेव्हा रसायनांवाचून गत्यंतर नाही. पण कोणते रसायन आणि किती वेळ? अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी 1968 साली मांडलेला विचार अजूनही वापरतात. उपकरण कोठे टेकते, एवढेच पाहावयाचे. अखंड कातडीवर टेकत असेल, तर साधे जंतुनाशक पुरते. शरीराच्या आतील ओलसर अस्तराला किंवा जखमेला लागत असेल, तर कडक जंतुनाशक हवे आणि प्रोबवर आवरणही चढवितात. शरीरात शिरणारी सुई तर पूर्ण निर्जंतुकच पाहिजे.

‘पूर्ण’ या शब्दावर एवढा भर का, ते एका जुन्या घटनेवरून कळेल. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करीत. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी (ते आता पाकिस्तानात आहे) ही लस टोचण्यात आली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना काम सोडावे लागले. पुढे पुरावा तपासताना वेगळीच गोष्ट दिसली. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून तापविण्याऐवजी कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता खळबळून वापरला गेला होता. धनुर्वाताचे जीवाणू मातीत बीजाणूंच्या रूपाने असतात. त्यांचे कवच इतके चिवट असते, की कार्बॉलिक त्यांचे फारसे काही करू शकत नाही. हाफकिन निर्दोष ठरले, पण त्यासाठी 1907 साल उजाडावे लागले. परळची ती संस्था 1925 पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता घरी एक प्रयोग करा. कागदावर मेणबत्तीने दोन रेघा ओढा आणि कागद शाईच्या पाण्यात बुडवून काढा. सर्व कागद रंगला, पण रेघा कोऱ्या राहिल्या ना? शाई पुष्कळ होती, पण ती पोहोचलीच नाही. प्रोबवर वाळलेले जेल आणि शरीरातील स्राव यांचा पापुद्राही असाच आडवा येतो. जंतुनाशक वरून वाहून जाते आणि खालचे जीवाणू सुखरूप राहतात. म्हणून आधी पुसणे व धुणे, मग जंतुनाशक. आणि तेही लावल्याबरोबर पुसून टाकावयाचे नाही. बाटलीवर लिहिलेली मिनिटे भरेपर्यंत पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. घाईच्या वेळी पहिली काट बसते ती याच मिनिटांना!

प्रोब स्वच्छ झाला, तरी जेलचे काय? 2021 साली अमेरिकेत दहा राज्यांतील शंभराहून अधिक रुग्णांत बर्कहोल्डेरिया गटाचा एकच जीवाणू सापडला. शोध घेता तो सोनोग्राफीच्या जेलच्या बाटल्यांत निघाला. माती-पाण्यात राहणारे हे जीवाणू मोठे काटक. जेल टिकावे म्हणून त्यात घातलेल्या द्रव्यांनाही ते पुरून उरतात. निरोगी माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही, परंतु आधीच अशक्त झालेल्या रुग्णाच्या रक्तात ते शिरले, तर जिवावर बेतते. म्हणूनच जेलच्या बाटलीचे तोंड कातडीला टेकू देत नाहीत आणि रिकामी बाटली मोठ्या डब्यातून पुन्हा भरत नाहीत. सुई घालावयाची असेल, तर निर्जंतुक जेलची लहान पुडी फोडतात, एका रुग्णाला एक.

पुढच्या वेळी आजीबरोबर सोनोग्राफीला जाल, तेव्हा हातात घड्याळ असू द्या. जेल पुसल्यानंतर प्रोबवरून आणखी एक ओला कपडा फिरतो का, आणि पुढच्या नावाचा पुकारा होईपर्यंत किती मिनिटे जातात, ते मोजा.