स्केटबोर्ड विकायचाय? आधी तो उघडून बघा!

स्पोर्ट्सच्या दुकानात स्केटबोर्ड ठेवावेत का, हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. जरूर ठेवा. टोकियो ऑलिम्पिकपासून हा रीतसर ऑलिम्पिक खेळ आहे, मुलांना तो माहीत आहे. पण बोर्ड म्हणजे 'चाकं लावलेली फळी' एवढंच तुम्हाला माहीत असेल, तर पहिलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन येईल आणि दुसरं येणारच नाही.

फळीला म्हणतात डेक. चांगला डेक बहुधा मेपल लाकडाच्या ७ पातळ थरांचा असतो, दाबून चिकटवलेला. गिऱ्हाईक लांबी विचारतं, तुम्ही रुंदी बघा. मोठ्या माणसाला साधारण ८ इंच, लहान मुलाला ७ ते साडेसात. वरचा काळा खरखरीत कागद म्हणजे ग्रिप टेप. तो पाय घसरू देत नाही.

डेकखाली दोन ट्रक असतात. हा बोर्डाचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. बेसप्लेट डेकला बोल्टने बसते, तिच्यावर हँगर, हँगरमधून चाकांचा आस जातो. हे सगळं धरून ठेवणारा जाड बोल्ट म्हणजे किंगपिन. किंगपिनभोवती रबरासारख्या दोन गोट्या असतात, त्या बुशिंग. आपण एका बाजूला झुकलो की बुशिंग दबतं आणि बोर्ड त्या बाजूला वळतो. घाऊक बाजारात माल बघायला जाल तेव्हा हेच तपासा: बोर्ड जमिनीवर ठेवा, वर उभे राहा, झुका. वळलाच नाही, तर बुशिंगच्या जागी कडक प्लास्टिक असू शकतं. असा बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी उचलू नका.

आणि हो, बोर्ड जोडताना नेहमीच्या ट्रकचे दोन्ही किंगपिन एकमेकांकडे, म्हणजे आतल्या बाजूला तोंड करून हवेत. ट्रक उलटा बसला तर माणूस डावीकडे झुकतो आणि बोर्ड उजवीकडे जातो. पडणारा तुमच्याच दुकानाचं नाव घेणार!

आता चाकं. पूर्वी अमेरिकेत ती लोखंडाची आणि मातीची असायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली आणि थंडावलेला खेळ पुन्हा उभा राहिला. एका सुट्या भागाने अख्खा धंदा जिवंत केला बघा.

चाकावर दोन आकडे असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणा, म्हणजे ९९ए, ७८ए असा. ५२ मिमी, ९९ए चाक स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर छान. तेच सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर नेलं, तर एवढ्याशा खड्याला अडकून थांबतं. बोर्ड थांबतो, पोरगं थांबत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यांना ६० मिमीच्या आसपासचं, ७८ए सारखं मऊ चाक बरं. म्हणून गिऱ्हाईक आलं की बजेट नंतर विचारा, आधी "चालवणार कुठे?" हे विचारा. आणि हेल्मेट दाखवल्याशिवाय बिल करू नका.

प्रत्येक चाकात दोन, म्हणजे एकूण ८ बेअरिंग. साईज ६०८: आत ८ मिमी, बाहेर २२, जाडी ७. डब्यावर 'एबेक' लिहून ५, ७ असे आकडे असतात. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय ते सांगतो, दणके किती सोसेल ते नाही. त्यामुळे आकडा मोठा म्हणून दुप्पट भाव देऊ नका. बेअरिंगचा खरा शत्रू पाणी. जुलैत भिजलेला बोर्ड तसाच ठेवला, की गंज चढतो आणि चाक करकरायला लागतं.

इथे तुमचा धंदा आहे. बोर्ड एकदा विकला जातो; बेअरिंग, बुशिंग, ग्रिप टेप झिजतच राहतात. सर्व्हिसिंग करणारा जवळ कोणी नसेल, तर गिऱ्हाईक तुमच्याचकडे येईल. सुरुवातीला चार-पाच बोर्ड पुरेत, पण हे सुटे भाग भरपूर ठेवा. सोबत एक स्केट टूल घ्याच. यातले नट इंचाच्या मापाचे: किंगपिनला ९/१६, आसाला १/२, डेकच्या बोल्टला ३/८. घरातला मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही, जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात.

पुढच्या व्हिडिओत सुटे भाग घेऊन अख्खा बोर्ड जोडून दाखवतो. तोवर एक काम करा. ६०८ बेअरिंग इतर यंत्रांतही वापरतात, त्यामुळे बेअरिंगच्या दुकानात सहज मिळतं. तुमच्या गावात त्याचा नगाचा भाव काय आणि ५० नगांचा काय, दोन्ही वहीत लिहून आणा.