घरची छायाचित्रे आणि संगणकावरील चिकटवही

वडनेर भोलजीसारख्या, मलकापूर-नांदुरा महामार्गावरील गावी शिक्षक पालकभेटीस गेले म्हणजे त्यांची बैठक बहुधा बाहेरच्या खोलीत होते, आणि छताजवळ ओळीने टांगलेल्या तसबिरी त्यांच्या दृष्टीस पडतात. देवादिकांच्या चित्रांशेजारी घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे असतात. एखाददुसऱ्यास वाळलेला हारही असतो. घरातील मुलास "हे कोण?" म्हणून विचारावे, तर "आबाजी" असे उत्तर येते. "आणि त्यांच्या शेजारी उभे आहेत ते?" मूल आईकडे पाहते, आई सासूबाईंकडे पाहते. सासूबाई हयात असल्या तर नाव कळते. नसल्या, तर ते छायाचित्र त्यांच्याबरोबरच अनोळखी माणसाचे होऊन गेलेले असते.

घरोघरची ही छायाचित्रे संगणकावर एकत्र मांडून त्यांची पाने कशी तयार करावीत, आणि त्या कामी शिक्षकाने विद्यार्थ्यास व पालकास कितपत साहाय्य करावे, हा या पाठाचा विषय आहे. तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात कुटुंब, घर व गाव हे घटक येतातच. त्यांना जोडून हा उपक्रम घेता येईल.

चिकटवही शिक्षकांस नवी नाही. अध्यापक विद्यालयात प्रत्येकाने ती केलेली असते. अमेरिकेत मार्क ट्वेन या विख्यात लेखकाने तर आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे एकस्व १८७३ साली घेतले होते. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन यांनी 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' या नावाचे नियतकालिक काढले. त्यात खरीखुरी छायाचित्रे पानांवर चिकटवून सोबत वर्णन छापलेले असे. आज ते अंक अत्यंत मोलाचे मानले जातात; तथापि त्यांतील पुष्कळशी माणसे जातीच्या किंवा धंद्याच्या नावाखालीच उभी आहेत. त्यांची स्वतःची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. चेहरा टिकला, माणूस हरवला. आपल्या गावातील तसबिरींचेही तेच होऊ घातले आहे, आणि ते टाळणे अद्याप हाती आहे.

संगणकावरील पान म्हणजे काय, हे समजण्यास फलालीनच्या फलकाचे उदाहरण पुरेसे आहे. फलकावर शिक्षक आधी आकाश व शेत लावतात, त्यावर झाड, झाडासमोर बैल. आणि बैल हलविला तरी झाड जागचे हलत नाही. संगणकावरही तसेच थर असतात. सर्वांत खाली पानाचा रंग, त्यावर छायाचित्र, त्यावर मजकूर. प्रत्येक थर स्वतंत्रपणे सरकवता येतो, आणि चुकल्यास कात्री-गोंदाच्या कामाप्रमाणे पान वाया जात नाही.

याकरिता विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची गरज नाही. लिबरऑफिस हा संच विनामूल्य असून त्यातील 'ड्रॉ' हा भाग या कामास पुरतो. बाजारात मिळणाऱ्या चिकटवहीच्या सॉफ्टवेअरमध्ये फुलांच्या चौकटी, फिती, फुलपाखरे यांचा मोठा साठा असतो. मुलांस त्याचा मोह पडतो व तासाचा वेळ फुलपाखरांतच जातो. परदेशांतील हौशी मंडळी बारा इंची चौरस पान वापरतात. आपल्या छपाईयंत्रांत ए-४ आकाराचा कागद चालतो, म्हणून पानही त्याच मापाचे, आडवे घ्यावे. चित्राचे माप बदलताना कोपरा धरून ओढावे. बाजूचा मध्य धरून ओढल्यास माणूस बुटका तरी होतो किंवा लांबोडका तरी. आपल्या आजोबांची अशी दशा झालेली पाहून वर्ग हसतो, आणि ज्याचे आजोबा त्याला ते लागते.

मजकूर युनिकोड टंकातच लिहावा. शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेले पान, तो टंक नसलेल्या संगणकावर उघडले तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने प्रत्येक चित्र लावल्यावर काम साठवून ठेवण्याची सवय आरंभीच लावावी.

मूळ छायाचित्र शाळेत मागवू नये. हा नियम शिक्षकाने स्वतःकरिता फळ्यावर लिहून ठेवावा, इतका तो महत्त्वाचा आहे. घरात आजोबांचे छायाचित्र एकच असते. दप्तरातून जाता-येता ते मोडले, भिजले, तर भरपाई कोणालाही करता येत नाही. त्याऐवजी पालकांच्या मोबाईलवर घरीच त्याची प्रतिमा घ्यावी. सकाळच्या वेळी ओसरीवर, जेथे ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर असतो, अशा जागी छायाचित्र सपाट ठेवून मोबाईल त्याच्याशी समांतर धरावा व फ्लॅश बंद ठेवावा. चौकटीतील छायाचित्र ओलीने काचेस चिकटलेले असल्यास ते ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. चेहऱ्याचा थर काचेवर राहतो व हाती कोरा कागद येतो. अशा वेळी काचेवरूनच, थोडेसे तिरपे धरून, चकाकी चुकवून प्रतिमा घ्यावी.

दहा बाय पंधरा सेंटिमीटरचे चित्र स्वच्छ छापले जाण्यास सुमारे १२०० बाय १८०० ठिपके लागतात. आजच्या साध्या मोबाईलमध्येही याहून अधिक असतात. परंतु तेच चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविले असता लहान होऊन पोचते, व छापल्यावर चेहरे धुरकट येतात. ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

येथवरचे काम दोन तासांत शिकता येते. खरे काम यापुढचे आहे, आणि ते संगणकावर होत नाही.

प्रत्येक चित्राखाली कोण, कोठे, केव्हा व कोणत्या प्रसंगी हे लिहावयाचे असते. त्याकरिता मुलाने आजी-आबाजींजवळ बसून विचारावे. वर्गात हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे प्रस्तावनेचे प्रश्न शिक्षक विचारतात. येथे प्रश्न विचारणारा विद्यार्थी असतो, आणि उत्तर शिक्षकासही ठाऊक नसते. हा फरक मुलांस फार आवडतो. मात्र "आजी, हा फोटो कोणत्या साली काढला?" असा प्रश्न बहुधा फुकट जातो, कारण सालाने आठवणी ठेवण्याची रीत त्या पिढीत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, घरी वीज आली होती की नाही, थोरली आत्या तेव्हा सासरी गेली होती की नाही, असे विचारले असता गाठी आपोआप सुटू लागतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या स्मरणात तो मैलाच्या दगडासारखा उभा आहे.

चित्रही काही सांगते. रंगीत छायाचित्रे खेड्यापाड्यांत साधारणतः १९८० नंतर रुळली. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटलेली असेल तर ती नोंदवावी, परंतु तिजवर सर्वस्वी विसंबू नये. कॅमेऱ्यातील घड्याळ लावण्याची तसदी पुष्कळजण घेत नसत. चित्राबरोबर शाळेचा जुना दाखला सापडला तर तोही पानावर घ्यावा. बुलढाणा जिल्हा १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत त्या वेळच्या मध्यप्रदेश राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. तेव्हा दाखल्याच्या माथ्यावरील राज्याचे नाव वाचून आबाजी शाळेत कधी होते याचा अदमास मूल स्वतःच काढू शकते. इतिहासाचा पुरावा म्हणजे काय, हे समजावण्यास याहून सुलभ साधन चौथीच्या वर्गात मिळणे कठीण. आधार कार्डासारखी चालू ओळखपत्रे मात्र पानावर घेऊ नयेत.

स्त्रियांच्या नावांविषयी विशेष दक्षता घ्यावी. लग्नातील समूहचित्रात पुरुषांची नावे सांगितली जातात आणि स्त्रिया "अमक्याची बायको", "तमक्याची सून" एवढ्यावर भागविल्या जातात. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्यामुळे पणजीचे माहेरचे नाव घरात कोणास ठाऊक नसते असेही घडते. मुलाने ते नाव व माहेरचे गाव आवर्जून विचारावे. आजीलाच आपले जुने नाव उच्चारताना किंचित संकोच व बराचसा आनंद होतो.

उत्तर आजीच्या शब्दांत उतरवून घ्यावे. "हे माहे आबाजी. पोयाच्या दिशी बैल सजवेल व्हता, तवा काढेल फोटो." हे वाक्य मुलाने आणले तर शिक्षकाने त्यावर लाल शाई चालवू नये. प्रमाण भाषेतील ओळ खाली वेगळी लिहिण्यास हरकत नाही. परंतु वऱ्हाडी ओळ खोडली तर आजीचा आवाजच खोडल्यासारखे होते.

आता एका नाजूक बाबीकडे वळले पाहिजे. संगणकावर डाग पुसता येतात, फाटलेली कडा जुळविता येते, तसाच एखादा माणूसही पुसून टाकता येतो. यात नवे काही नाही. तालुक्याच्या गावचे स्टुडिओवाले पूर्वीपासून मृत माणसाचा चेहरा समूहचित्रातून कापून कोटावर बसवीत आले आहेत, आणि ज्यांनी आयुष्यात कोट अंगावर घातला नाही अशा कितीतरी शेतकऱ्यांच्या तसबिरी कोटात आहेत. ती घरच्यांची माया होय; तिला हसू नये. चिकटवहीत मात्र अशा चित्राखाली 'चेहरा जुन्या चित्रावरून, कोट स्टुडिओचा' असे लिहावे. भाऊबंदकीमुळे कोणाला वगळावयाचे असेल तर ते चित्रच घेऊ नये, पण घेतलेल्या चित्रातून माणूस काढू नये. दुरुस्त केलेल्या प्रतीबरोबर मूळ प्रतिमा जशीच्या तशी वेगळी जपावी.

वर्गात अशीही मुले असतात की ज्यांच्या घरी छायाचित्रच नाही. मजुरीकरिता बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांत, घर जळालेल्या किंवा पुरात वाहून गेलेल्यांत असे असते. काहींचे वडील वारलेले असतात, काहींची आई घर सोडून गेलेली असते. "उद्या सर्वांनी आईवडिलांचे फोटो आणावेत" ही सूचना त्या मुलास भर वर्गात उघडे पाडते. म्हणून उपक्रम सांगण्यापूर्वी शिक्षकाने आपल्या पटावरील प्रत्येक घर मनात आणावे, आणि सूचना पहिल्यापासूनच निराळी द्यावी: "घरातील जुन्यात जुन्या वस्तूचे चित्र आणा." ती वस्तू छायाचित्र असेल, विळा असेल, पितळी लोटा असेल, आजीने शिवलेली गोधडी असेल. गोधडीतील प्रत्येक तुकडा कोणाच्या लुगड्याचा वा सदऱ्याचा हे आजी सांगू लागली म्हणजे ते पान इतर कोणत्याही पानाहून भरून जाते. ज्याच्याजवळ तेही नसेल त्याने हाताने चित्र काढावे व त्याची प्रतिमा घ्यावी. सर्व पाने एकाच मापाची, एकाच साध्या पार्श्वभूमीची ठेवावीत. सजावटीस गुण देऊ नयेत.

तयार पान छापून घरी द्यावे. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी, एक मोबाईलमध्ये व एक पेनड्राइव्हवर, ठेवण्यास पालकांस सांगावे. शाळेच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ती पाने परस्पर टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीकरिता पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा बाजूस ठेवला तरी दुसऱ्याच्या घरातील तसबीर विचारल्याशिवाय चव्हाट्यावर मांडली जात नाही, हे गावात कोणास सांगावे लागत नाही. प्रजासत्ताकदिनी प्रदर्शन मांडावयाचे असल्यास पालकांची लेखी संमती आधी घ्यावी, आणि भिंतीवरील पानांखाली एक पेन्सिल दोरीने बांधून ठेवावी. पाहावयास आलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कोणी ना कोणी एखाद्या अनोळखी चेहऱ्यापाशी थांबतो व नाव सांगतो. ते त्याच वेळी कागदावर उतरवून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने ते संगणकावरील पानात भरावे.