जाहिरातीचा मक्ता आणि मालाची पट्टी

शेतमाल पिकविणें हें एक काम व तो योग्य भावानें विकणें हें दुसरें काम, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पहिलें काम आपण स्वतः करतों. दुसरें काम फार पूर्वीपासून आपण परक्या हातीं देत आलों आहों. छत्रपति शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी पेठ वसविली आणि करवीर इलाख्यांतील गुळाला घरचा बाजार मिळाला. गुळाचे रवे गाडींतून उतरले, कीं ते आडत्याच्या हवालीं करावयाचे, सौदा त्यानें लावावयाचा आणि पट्टी घेऊन आपण गांवीं परतावयाचें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

अलीकडे विक्रीचें काम परक्या हातीं देण्याचा एक नवा प्रकार निघाला आहे. गांवांतील चार शिकलेले तरुण एकत्र येऊन कंपनी काढतात. अशा नव्या कंपनीस हल्लीं 'स्टार्टअप' म्हणण्याची चाल आहे. ही मंडळी स्वतःच्या नांवानें माल भरतात आणि मोबाईलच्या पडद्यावर त्याची जाहिरात करण्याचा मक्ता शहरांतील एखाद्या 'डिजिटल मार्केटिंग एजन्सी'स देतात. या व्यवहारांत कित्येकांचें भलें झालें असेल. परंतु पैसा खर्चून निराश झालेली मंडळीहि आमच्या पाहण्यांत आहेत. ही निराशा पदरीं कां येते, व ती टाळावयाची तर करार कसा असावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एका कंपनीची हकीकत

पंचगंगेच्या कांठच्या एका गांवांतील अशा कंपनीचे कागदपत्र आम्हांस पाहावयास मिळाले. नांवें देण्याचें प्रयोजन नाहीं. हायड्रॉस न वापरतां, भेंडीच्या रसानें मळी काढून केलेला गूळ हा त्यांचा माल. तो पुण्या-मुंबईच्या घरांत थेट जावा, या हेतूनें त्यांनीं एका एजन्सीशीं सहा महिन्यांचा करार केला. दरमहा ठराविक मेहनताना द्यावयाचा आणि जाहिरातीचा खर्च निराळा सोसावयाचा, असा तो करार होता.

बोलणीं करावयास आलेले गृहस्थ जाणते होते. त्यांच्या बोलण्यावरूनच मंडळींचा विश्वास बसला. पहिला हप्ता पोंचल्यावर मात्र ते पुन्हां दिसले नाहींत. काम एका नवशिक्याकडे सोपविलें गेलें व दोन महिन्यांनीं तोहि बदलला. यांपैकीं एकानेंहि गुऱ्हाळ पाहिलेलें नव्हतें. जाहिरातींत जें चित्र घातलें तें पिवळ्याधमक गुळाचें होतें; या मंडळींचा गूळ तांबूस-काळसर. चित्र पाहून ज्यांनीं माल मागविला, त्यांतील कित्येकांनीं 'हा जुना गूळ आहे' म्हणून तो परत पाठविला. रसायनाविना केलेल्या गुळाचा रंग बहुधा असाच गडद असतो, ही गोष्ट गिऱ्हाइकास आधीं सांगावयास हवी होती. तीच जाहिरातींत कोठें नव्हती.

दरमहा इंग्रजींत एक अहवाल येई. जाहिरात किती जणांच्या पडद्यावर गेली, किती जणांनीं ती पसंत केली, किती जणांनीं तिच्यावर बोट ठेवून ती उघडली, याचे आकडे त्यांत असत व ते महिन्यागणिक वाढलेलेहि असत. किती किलो गूळ विकला गेला, हा आकडा मात्र सहा अहवालांत एकदांहि आढळला नाहीं. करार संपल्यावर असें कळलें, कीं फेसबुकवरील पान, जाहिरातीचें खातें आणि गिऱ्हाइकांची यादी हीं सर्व एजन्सीच्या ताब्यांत आहेत. पुढील हंगामास कंपनीला पहिल्यापासून आरंभ करावा लागला.

अशी हकीकत ऐकून 'एजन्सीनें फसविलें' असें म्हणणें सोपें आहे. कागदपत्र वाचून आमचें मत तसें झालें नाहीं. करारांत लिहिलेलें प्रत्येक काम एजन्सीनें केलें होतें. ठरलेलीं चित्रें ठरल्या दिवशीं प्रसिद्ध झालीं आणि ठरलेली रक्कम जाहिरातींत खर्च झाली. माल विकून देण्याचा शब्द करारांत नव्हताच. मूळ दोष तेथें आहे.

आडत्या व एजन्सी यांतील भेद

आडत्याचा मेहनताना विक्रीच्या रकमेवर शेंकडा दरानें ठरतो. माल विकला नाहीं तर त्यास कांहीं मिळत नाहीं. भाव चढला तर त्याचीहि प्राप्ति चढते. माल त्याच्या डोळ्यांपुढें असतो, तो रवा फोडून पाहतो, आणि सौदा झाल्यावर पट्टी करून देतो. रवे किती, वजन किती, भाव काय, हमाली व तोलाई किती वजा झाली आणि हातीं रक्कम काय पडली, हें सर्व एका कागदावर उतरतें. लिहितां-वाचतां न येणारा शेतकरीहि ती पट्टी शेजाऱ्याकडून वाचवून घेऊं शकतो.

एजन्सीचा मेहनताना महिन्यावर असतो, किंवा जाहिरातीच्या खर्चावर शेंकडा दरानें असतो. पहिल्या प्रकारांत माल विकला काय किंवा पडून राहिला काय, तिची प्राप्ति तीच राहते. दुसऱ्या प्रकारांत तर आपला खर्च जितका वाढेल तितकी तिची प्राप्ति वाढते. माणसें प्रामाणिक असलीं तरी ज्या कामावर मेहनताना अवलंबून असतो त्याच कामाकडे लक्ष अधिक जावयाचें, हा व्यवहार आहे.

आडतीचा धंदा तरी आरंभापासून निर्मळ होता असें नाहीं. रुमालाखालीं बोटांच्या खुणांनीं भाव ठरविण्याची चाल मुंबई इलाख्यांतील कित्येक बाजारांत होती, आणि शेतकऱ्याच्या पट्टींतून नाना तऱ्हांची वजावट होई. १९२८ च्या शाही शेती कमिशनानें अशा गैरप्रकारांची दखल घेऊन नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं व पुढें महाराष्ट्रांत १९६३ सालीं बाजारांचे कायदे झाले. उघडा लिलाव, परवानेदार आडत्ये, तपासलेले कांटे आणि ठरीव दर हीं या कायद्यांचीं फळें होत.

मोबाईलवरील जाहिरातीच्या बाजारांत अशी समिति नाहीं. जो जाहिरातीची जागा विकतो तोच किती लोकांनीं ती पाहिली हें मोजतो. ही मोजणी कशी चुकूं शकते याचें उदाहरण जगापुढें आलेलें आहे. लोक चलच्चित्र सरासरी किती वेळ पाहतात, याचे आपण दिलेले आकडे दोन वर्षें वाढीव होते, असें फेसबुक कंपनीनें सप्टेंबर २०१६ मध्यें स्वतःच मान्य केलें; ही वाढ शेंकडा ६० ते ८० पर्यंत असावी असें जाहिरातदारांस सांगण्यांत आलें. मोठमोठ्या कंपन्यांस जो आकडा पारखतां आला नाहीं, तो आपल्या चार तरुणांस पारखतां येईल ही अपेक्षा व्यर्थ होय. आपला कांटा आपल्याजवळ असला पाहिजे, आणि तो म्हणजे विकलेल्या मालाची पट्टी.

एका पेटीचा हिशेब

पट्टीचें महत्त्व ध्यानांत यावें म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतों. आंकडे ज्यानें त्यानें आपापले घालावे. समजा, ५ किलो गुळाची पेटी ७५० रुपयांस विकावयाची आहे. गुळाची किंमत किलोस ६० प्रमाणें ३०० रुपये, पेटी व बांधणी ६०, कुरियर २००, आणि परत आलेला माल व पैसे वसुलीचा खर्च ४०, मिळून ६०० रुपये झाले. पेटीमागें १५० रुपये उरले.

आतां एजन्सीचा मेहनताना दरमहा ३०,००० व जाहिरातीचा खर्च तितकाच, असें धरूं. या ६०,००० रुपयांची भरपाई होण्यास महिन्यास ४०० पेट्या गेल्या पाहिजेत. ४०० पेट्या म्हणजे २ टन गूळ. १ टन उसास १०० ते ११० किलो गूळ उतरतो असें धरल्यास १८ ते २० टन उसाचें गाळप. एवढें गाळप महिन्यास होऊन कंपनीच्या पदरीं शून्य पडलें. चारशे एकावी पेटी गेली म्हणजे पहिले १५० रुपये नफ्याचे.

दुसऱ्या बाजूनें पाहूं. जाहिरात उघडणाऱ्या प्रत्येकामागें ५ रुपये लागतात व अशा शंभरांपैकीं दोघेजण माल घेतात, असें समजा. ५०० रुपयांत २ पेट्या गेल्या. म्हणजे पेटीमागें जाहिरातीचाच खर्च २५० आणि पेटींत उरतात १५०. येथें उघडणारांची संख्या जसजशी वाढेल तसतसा तोटा वाढेल, आणि अहवालांत मात्र ती प्रगति म्हणून दिसेल.

एक गोष्ट मात्र येथें न्यायानें सांगितली पाहिजे. तेंच गिऱ्हाईक दुसऱ्या, तिसऱ्या वेळीं आपण होऊन माल मागवील तर पुढील पेट्यांस जाहिरातीचा खर्च पडत नाहीं, आणि पहिला तोटा भरून निघतो. म्हणून एजन्सीस विचारण्याचा मुख्य प्रश्न हा, कीं माल घेतलेल्यांपैकीं किती जण पुन्हां आले? आणि गिऱ्हाईक पुन्हां येणें हें बव्हंशीं मालावर, बांधणीवर आणि तक्रारीस वेळेवर दिलेल्या उत्तरावर अवलंबून असतें. हीं कामें आपलीं आहेत; त्यांचा मक्ता देतां येत नाहीं.

जाहिरात केव्हां फळते

बाहेरच्या एजन्सीस काम देणेंच चूक, असें आमचें म्हणणें नाहीं. खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ आणंद येथें १९४६ सालीं नोंदला गेला. वीस वर्षें दूध गोळा करण्याची, तपासण्याची व पोंचविण्याची घडी बसल्यावर, १९६६ सालीं 'अमूल' लोण्याच्या जाहिरातीचें काम मुंबईच्या एका एजन्सीकडे आलें. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या हातून ठिपक्यांच्या झग्यांतील ती मुलगी तेव्हां जन्मास आली. डॉ. कुरियन यांनीं त्यांस मोकळीक दिली व तो संबंध पुढें कित्येक दशकें टिकला. आपल्याच जिल्ह्याचा 'गोकुळ' संघ १९६३ सालचा. गांवोगांवचें दूध रोज वेळेवर संकलित होतें, म्हणूनच मुंबईस त्या नांवावर विश्वास बसला. दोन्हीकडे माल व व्यवस्था आधीं आणि डौल मागाहून, असा क्रम आढळतो. आमच्या तरुण मंडळींस सहा महिन्यांत नांव, गिऱ्हाईक व नफा हीं तिन्हीं हवीं होतीं, आणि तीं मिळतील असें त्यांस कोणी तरी भासविलें.

कायद्याची जबाबदारी

जाहिरातींत जें लिहिलें जाईल त्याचा जाब माल विकणाऱ्यास द्यावा लागतो, हें विसरूं नये. वरील कंपनीच्या एका जाहिरातींत 'मधुमेहींनीं निर्धास्त खावा' असें वाक्य होतें. गुळांत मुख्यत्वें साखरच असते आणि त्यानें रक्तांतील साखर वाढते. असलें वाक्य रोग्याच्या जिवाशीं खेळ आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांतहि तितक्याच दंडाची तरतूद आहे. शब्द एजन्सीच्या लेखकाचे असले, तरी डब्यावर नांव आपलें असतें.

तसेंच, 'कोल्हापुरी गूळ' या नांवास २०१४ सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे. तें नांव जाहिरातींत घालण्यापूर्वीं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी. परक्या मुलखांतील गूळ आपल्या नांवावर विकला जातो म्हणून आपण तक्रार करतों. तेव्हां आपला कागद आधीं चोख असावा.

करारांत काय असावें

(१) पान, वेबसाईट, जाहिरातीचें खातें व त्यांचे पासवर्ड कंपनीच्या नांवावर असावे. एजन्सीस केवळ काम करण्याची परवानगी असावी. गिऱ्हाइकांची यादी दर आठवड्यास आपल्या वहींत उतरावी.

(२) मेहनतान्याचा कांहीं भाग विक्रीवर बांधावा. केवळ विक्रीवर काम करण्यास एजन्सी तयार होणार नाहीं, व तसा आग्रहहि योग्य नव्हे. मालाच्या दोषानें विक्री पडली तर तिनें कां सोसावें?

(३) दरमहा मराठींत एका पानाची पट्टी मागावी: खर्च किती, पेट्या किती गेल्या, परत किती आल्या, पुन्हां मागविणारे किती, आणि पेटीमागें जाहिरातीचा खर्च काय पडला.

(४) काम प्रत्यक्ष कोण करणार त्याचें नांव करारांत घालावें, आणि त्यानें आरंभीं एक दिवस गुऱ्हाळावर काढावा. चित्र आपल्याच मालाचें असावें, व आपली लेखी संमति मिळाल्याखेरीज एकहि ओळ प्रसिद्ध होऊं नये.

(५) पहिला करार दोन महिन्यांचा असावा, व एक महिन्याच्या सूचनेनें तो मोडतां यावा.

यांखेरीज कंपनीच्या एका तरी सभासदानें हें काम स्वतः शिकून घ्यावें. ज्यास उसाचा उतारा कळतो, त्यास गुऱ्हाळांतील गुळव्या फसवूं शकत नाहीं. तोच न्याय येथें लागू आहे. शंभर रुपयांची जाहिरात स्वतः एकदां देऊन पाहिली, म्हणजे अहवालांतील अर्धे शब्द आपोआप कळूं लागतात.

गुऱ्हाळें दिवाळीच्या सुमारास पेटतात. ज्यांस यंदा गूळ थेट गिऱ्हाइकास विकावयाचा आहे, त्यांनीं भाद्रपदांतच करार वाचून घ्यावा, वरील पांच कलमें त्यांत आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि नसल्यास सही करण्यापूर्वीं तीं घालून घ्यावीं. जी एजन्सी पट्टी देण्यास कांकूं करील, तिजकडे आपला माल न देणेंच बरें.