केसांची गोळी आणि बीपीची गोळी

ठाण्यातल्या एका बँक अधिकाऱ्यांनी विरळ होत चाललेल्या केसांसाठी जे सुरू केलं, त्यात बोगस असं काहीच नव्हतं. ना जडीबुटीचं तेल, ना ‘पंधरा दिवसांत हमखास’ छापाचा चमत्कार. त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेलं ५ टक्के मिनॉक्सिडिलचं लोशन आणि फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, एवढंच. वंशपरंपरेने येणाऱ्या टकलावर पुरुषांना ही जोडी नेहमी दिली जाते. दोघांची कामं वेगळी असल्यामुळे ती एकत्र चालतेही. फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या केस विरळ करणाऱ्या संप्रेरकात होणारं रूपांतर रोखतं. मिनॉक्सिडिल केसांना वाढीच्या अवस्थेत जास्त काळ ठेवतं.

बिनसलं ते पुढे. काही महिने आरशात फरक दिसेना, तेव्हा त्यांनी ऑनलाइन ‘किट’ मागवलं. त्यात एक स्प्रे, मिनॉक्सिडिलची अडीच मिलिग्रॅमची गोळी, बायोटिन आणि बारीक सुयांचा डर्मारोलर. स्प्रेच्या लेबलवर बारीक अक्षरांत मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड दोन्ही होतं. जुनं लोशन टाकून देणं जिवावर आलं, म्हणून ते आणि फिनास्टेराइडची गोळीही चालू राहिली. बीपीची अम्लोडिपिन तर कित्येक वर्षांची सोबतीण.

मग संध्याकाळी मोजे काढले की घोट्याभोवती खोल वळ दिसू लागले. बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. पलंगावरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, “बीपीशिवाय आणखी काही घेता का?” तर हे म्हणाले, “नाही.” खोटं बोलायचा इरादा नव्हता. “केसांचं औषध म्हणजे औषध, असं डोक्यातच आलं नाही,” असं ते आता सांगतात. डॉक्टरांचा संशय अम्लोडिपिनवर गेला आणि तो रास्तच होता, कारण तिच्यानेही पाय सुजतात. बीपीची गोळी बदलायची चिठ्ठी लिहून होत आली होती. तेवढ्यात सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या, “अहो, ते कुरिअरने आलेलं सांगा की!”

दुसऱ्या दिवशी पिशवीभर बाटल्या टेबलावर आल्या. मिनॉक्सिडिल तीन वाटांनी शरीरात जात होतं, फिनास्टेराइड दोन.

मिनॉक्सिडिल मुळात बीपीचं औषध आहे, हे लोशनच्या जाहिरातींच्या गर्दीत विसरलं जातं. अपजॉन कंपनीची ही गोळी अमेरिकेत १९७९ साली मंजूर झाली, तीही बाकीच्या औषधांनी न बधणाऱ्या रक्तदाबासाठी. रुग्णांच्या अंगावर नको तिथे लव उगवू लागली आणि त्या दुष्परिणामातूनच १९८८ साली केसांचं लोशन बाजारात आलं. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. म्हणून बीपीसाठी ती देताना सोबत लघवी वाढवणारं औषध आणि बीटा ब्लॉकर देण्याची पद्धत आहे. केसांसाठी हल्ली डॉक्टर तिची फार कमी मात्रा देतात आणि निवडक रुग्णांत ती उपयोगी पडते. पण हृदय, मूत्रपिंड, बीपी यांची चौकशी केल्यावरच. किटसोबत आलेल्या प्रश्नावलीने ती किती होणार?

“लावायचं औषध पोटात थोडंच जातं?” हा दुसरा गैरसमज. ५ टक्क्यांचं लोशन दिवसातून दोनदा एक-एक मिली लावलं, तर डोक्यावर १०० मिलिग्रॅम औषध पडतं. धडधाकट त्वचेतून त्यातलं साधारण १.४ टक्के रक्तात उतरतं, म्हणजे दीडेक मिलिग्रॅम. त्यात रोलरने टाळूला भोकं पाडून लगेच वर लोशन ओतलं, तर हा हिशेबच उरत नाही. ट्रेटिनॉइन मिसळलेल्या लोशनचंही तेच; ते मिनॉक्सिडिल जास्त आत शोषलं जावं म्हणूनच घातलेलं असतं.

रोलरचा उपाय खोटा नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा आठवड्यातून एकदा रोलर आणि मिनॉक्सिडिल वापरणाऱ्यांच्या केसांची संख्या कितीतरी जास्त वाढलेली दिसली. मात्र रोलर फिरवल्यावर २४ तास लोशन लावायचं नाही, अशी सूचना त्यात होती. त्या अभ्यासाचे दाखले देत रोलर विकणारे नेमकं हेच वाक्य गाळतात.

आता फिनास्टेराइड. गोळी आणि स्प्रे दोन्ही वापरून केस दुप्पट येत नाहीत; १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी आधीच बरंच खाली आणते. लैंगिक तक्रारी मोजक्याच रुग्णांना होतात, पण होतात. २०२५ साली युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार येणं हा फिनास्टेराइडच्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं, तर अमेरिकेच्या नियामकाने मिश्रण करून विकल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडच्या लोशन-स्प्रेंबद्दल इशारा दिला. मन उदास राहू लागलं, तर ते ऑफिसच्या ताणावर ढकलून न देता डॉक्टरांना सांगावं. चाळिशी-पन्नाशीत प्रोस्टेटसाठी पीएसए तपासताना तर ही गोळी सांगायलाच हवी. ती पीएसएचा आकडा निम्म्याच्या आसपास खाली आणते, आणि वाढलेला आकडाही मग नॉर्मल भासतो.

बायोटिनला कुणी औषध मानत नाही. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची, आणि गोळीत अनेकदा १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून अधिक. एवढ्या मात्रेने थायरॉइडचे रिपोर्ट चुकू शकतात. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही काही यंत्रांवर खोटी कमी येते. रक्त द्यायच्या आधी लॅबला हे सांगायलाच हवं.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा. त्यांना केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन दिलं जातं. ते पोटॅशियम वाढवतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर तीही पोटॅशियम वाढवतात, आणि दोन्हींची बेरीज थेट हृदयाच्या ठोक्यांवर येते. दिवस राहण्याची शक्यता असेल तर स्पायरोनोलॅक्टोन नको, आणि फिनास्टेराइडची तुटकी गोळी हाताळणंही नको. मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष राहू शकतो. रक्तदानाचा एक नियमही त्याच कारणाने आला. अमेरिकेच्या रेड क्रॉसमध्ये फिनास्टेराइड थांबवल्यावर एक महिना आणि त्याच्याच जातीचं ड्युटास्टेराइड थांबवल्यावर सहा महिने रक्त घेत नाहीत.

ठाण्याच्या त्या गृहस्थांचं किट डॉक्टरांनी बंद केलं. बीपीची गोळी आहे तीच राहिली आणि पायांची सूज हळूहळू ओसरली. मग त्वचारोगतज्ज्ञांनी जुनी जोडी पुन्हा सुरू केली, पण एका वेळी एकच औषध, मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून. त्रास झाला तर कशाने झाला ते कळावं म्हणून. सुरुवातीला केस जास्त गळतील आणि फरक दिसायला सहा महिने तरी जातील, हेही यावेळी स्पष्ट सांगितलं. छातीत धडधड, दम लागणं किंवा दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढणं, यांपैकी काही झालं तर वाट न बघता गाठायचं, अशी ताकीद दिली. घरात रांगणारा नातू आणि एक मांजर आहे, हे कळल्यावर आणखी एक सूचना मिळाली: लोशन लावल्यावर हात साबणाने धुवायचे आणि डोकं पूर्ण सुकेपर्यंत दोघांनाही जवळ घ्यायचं नाही. बापाच्या डोक्यावरच्या मिनॉक्सिडिलमुळे तान्ह्या बाळांच्या अंगावर केस उगवल्याच्या घटना स्पेनमध्ये नोंदल्या गेल्या आहेत, आणि मांजराने तर ते थोडं चाटलं तरी त्याच्या जिवावर बेतू शकतं.