गायकानं 'काळी चार' सांगितली, तर

पोरांनो, गिटारचा मास्तर सुरुवातीला सी, जी, डी, ए मायनर शिकवतो. उघड्या तारांचे कॉर्ड. ते जरूर शिका, पण तेवढ्या भांडवलावर गायन पार्टीत बसू नका. आपला गायक 'जी मेजर' म्हणत नाही. तो पेटीवाल्याकडे बघतो आणि 'काळी एक' म्हणतो, बाई गाणार असल्या तर बहुतेक काळी चार नाहीतर पाच. आणि काळीतल्या एकाही पट्टीचा मेजर उघड्या तारांवर सरळ बसत नाही. दांडीवर लावायचा चाप, कॅपो, आहे म्हणाल. पण आवाज तापला की गायक मध्येच अर्धा सूर चढतो. तुम्ही कॅपो सरकवेपर्यंत पेटीवाला पुढच्या कडव्यात असतो.

म्हणून बार कॉर्ड. त्यातही साचे दोनच पक्के करा, ई चा आणि ए चा. पुस्तकात पाच सापडतील, ते सावकाश बघू.

ई च्या साच्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं. जाड तारेपासून खाली मोजा: सा, प, सा, ग, प, सा. मधलं बोट तिसऱ्या तारेवर आहे ना, तोच गंधार. ते उचललं की गंधार कोमल झाला, मेजरचा मायनर झाला. बाकी हात हलत नाही. ए च्या साच्यात सा पाचव्या तारेवर येतो आणि गंधार दुसऱ्या तारेवर; तिथं नुसतं बोट उचलून मायनर होत नाही, बोटं वेगळी बसवावी लागतात.

आता पट्ट्या पाठ करा. जाड तारेवर दुसरा फ्रेट काळी तीन, चौथा काळी चार, सहावा काळी पाच. पाचव्या तारेवर चौथा फ्रेट काळी एक, सहावा काळी दोन. संपलं.

खरी गंमत पुढं आहे. गाणं काळी चारमध्ये असेल तर चौथ्या फ्रेटवर ई चा साचा. मध्यमाचा कॉर्ड हवा? तिथंच ए चा साचा धरा, हात सरकवायचा नाही. पंचमाचा हवा? तोच ए चा साचा दोन फ्रेट वर. काळी एकला उलटं: घर ए च्या साच्यात चौथ्यावर, पंचम तिथंच ई च्या साच्यात, मध्यम तोच ई चा साचा दोन फ्रेट खाली. गायक अर्धा सूर चढला की सगळं एकेक फ्रेट वर ढकला, बोटांना नवीन काही शिकवायला नको.

बार वाजत नाही म्हणून रडू नका. पहिल्या फ्रेटवर सुरू करणारे तिथंच कंटाळून सोडतात, कारण तिथं तार दाबायला सगळ्यात जड जाते. पाचव्यापासून सुरू करा. पहिलं बोट जरा कडेवर झुकवा, फ्रेटच्या पट्टीला खेटून ठेवा, अंगठा दांडीच्या मागं मधोमध. अंगठ्यानं चिमटा काढू नका, मनगट धरतं. कोपर पोटाशी घ्या आणि हाताचं वजन मागं ओढा. सणसवाडीत शिफ्ट करून येणाऱ्यांनी तर थकल्या हातानं तासभर रेटूच नये. पंधरा मिनिटं रोज, बस.

सहाही तारा वाजवायची हौस मात्र आवरा. खर्ज ढोलकीच्या डग्ग्याला सोडा, आपण खालच्या तीन-चार बारीक तारा घ्याव्यात. केरव्यात ठोका पडला की डाव्या हाताचा दाब सैल करा, तार गप्प होते आणि गायकाचा शब्द मोकळा ऐकू येतो. उघडी तार अशी आवरत नाही, ती घुमत राहते. भीमगीतात शब्द झाकला गेला तर साथ कितीही गोड असो, फुकट.

1 जानेवारीला पेरणे फाट्याला, विजयस्तंभाच्या अभिवादनाला कुणाच्या साथीला बसणार असाल, तर काळी एक आणि काळी चार एवढ्या तरी पक्क्या करून या. मांडवात शिरल्यावर गिटार पेटीशीच जुळवा, मोबाइलच्या ट्यूनरशी नको. जुनी पेटी थोडी उतरलेली असते, आणि तिथं तिचंच खरं.