पेटी ठेवणारा कुठल्या वाटेने गेला?

टीव्हीवरच्या ट्रेझर हंटमध्ये निवड झाली, आता तयारी काय करू, असं विचारत मुलंमुली माझ्याकडे येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक पायांबद्दलचे असतात. रोज किती पळायचं, पाठीवर किती ओझं घ्यायचं, दोरावरचा सराव कुठे करता येईल. तो सराव हवाच. पण मी त्यांना आधी एक कोरा कागद घ्यायला लावते. संघातल्या चौघांनी एकत्र बसून त्यावर लिहायचं, की काय झालं तर आपण थांबणार आणि काय झालं तर परत फिरणार. हे घरीच ठरवायचं, चहा पीत, वाद घालत. डोंगरात, समोर कॅमेरा चालू असताना, हा निर्णय सुचत नाही. सुचला तरी तोंडातून बाहेर पडत नाही.

मी ज्या कार्यक्रमात स्पर्धक होते त्याचं चित्रीकरण माळशेज ते हरिश्चंद्रगड या पट्ट्यातल्या घाटमाथ्यावर झालं. किल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे सांगते. चौघांचे संघ, प्रत्येक संघामागे एक कॅमेरामन आणि एक आवाज टिपणारा, मोबाइल सकाळीच जमा. हातात नकाशा, होकायंत्र आणि एक कोडं. कोडं सुटलं की पेटी, पेटीत पुढचं कोडं. महिना एप्रिलचा.

त्या दिवशीच्या कोड्याचा अर्थ सगळ्यांनी थोड्याफार वेळात लावला. पेटी किल्ल्याखालच्या पदरातल्या एका पाण्याच्या टाक्यापाशी होती. आम्ही माथ्यावर होतो आणि आमच्या पायाशी एक नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, सुटत होती, थेट त्या पदरात उतरणारी. नकाशावर ती सरळसोट आणि सोपी दिसत होती. इथे नकाशाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे वापरतात. त्यात समोच्च रेषा साधारण 20 मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. म्हणजे दोन रेषांच्या मधे पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा असला तरी नकाशाला त्याचा पत्ता नसतो. सह्याद्रीच्या नाळेत तर असे टप्पे असतातच, आणि वर घसारा. नकाशा दिशा सांगतो. ती वाट माणसाला झेपेल का, हे तो सांगत नाही.

चित्रीकरण करणाऱ्यांनी आमच्यावर जबरदस्ती केली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. एवढंच म्हणाले, की नाळेतून उतरलात तर दृश्य जबरदस्त येईल, ड्रोन तयार आहे. तेवढं पुरतं. आठवडाभर ज्यांच्यासोबत जेवलो त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं.

त्यांच्या पाण्याचे कॅन वाहायला खालच्या वाडीतले एक मामा आले होते. पेटीबद्दल गावकऱ्यांना विचारायला नियमाने बंदी होती. मी विचारलं, "मामा, गुरं पाण्याला कुठून नेता?" त्यांनी पश्चिमेकडच्या सोंडेकडे हात केला. मग नाळेकडे बघत म्हणाले, "ताई, हितून आत्ता नगा जाऊ. वर वानरं हायती. दगूड सोडत्यात."

आम्ही सोंडेने गेलो. आमच्यानंतर आलेला संघ नाळेत उतरला. वरून दगड आले, की त्यांच्याच पायाखालचे सुटले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यातल्या एका मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून ती आज आहे. वाडीतल्या माणसांनी बांबू आणि चादरीची झोळी केली आणि आळीपाळीने खांदा देत तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. पोचायला अंधार झाला.

म्हणून सांगते, कोडं सुटल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : पेटी ठेवणारा कुठल्या वाटेने गेला असेल? ती आकाशातून पडलेली नसते. आदल्या दिवशी कुणीतरी ती पाठीवर घेऊन चालत गेलेलं असतं, आणि त्या माणसाला संध्याकाळी धडधाकट घरी यायचं असतं. अमेरिकेत फॉरेस्ट फेन नावाच्या कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने रॉकी पर्वतात सोन्याने भरलेली पेटी लपवली आणि 2010 मध्ये आपल्या पुस्तकात चोवीस ओळींची कविता छापून तिचा सुगावा दिला. पेटी 2020 मध्ये वायोमिंग राज्यात सापडली. मधल्या दहा वर्षांत तिच्या शोधात किमान पाच माणसं गेली. कुणी नदीत, कुणी डोंगरात. फेन स्वतः वारंवार सांगत होता, की पेटी ठेवली तेव्हा मी ऐंशीच्या जवळ पोचलेला म्हातारा होतो, जिथे ऐंशीचा माणूस जाऊ शकणार नाही तिथे शोधू नका. तरी लोक फोफावत्या नद्यांत उतरले. कठीण जागी असेल तरच ते धन, असं आपल्या मनात कुठेतरी घट्ट बसलेलं असतं. ते मनातून काढायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरी असतानाच द्यायला हवा.

सोंडेची वाट बरोबर होती, पण तिच्यावर सावलीचं एक झाड नव्हतं. कारवी वाळून गेलेली, कातळ तापलेला. आमचा सर्वांत धाकटा भिडू पुढे चालत होता. कॅमेरामनने दोनदा विचारलं, कसं वाटतंय? दोन्ही वेळा तो हसून म्हणाला, "एकदम फिट!" संघातल्या माझ्या मैत्रिणीने मात्र ऐकलं, की टाकं अजून किती लांब आहे हा प्रश्न त्याने थोड्या वेळात तिसऱ्यांदा विचारला आणि मागच्या उत्तराची त्याला आठवण नव्हती. चालही जराशी फाकली होती. घाम येत होता, म्हणून कुणाला शंका आली नसती. पण श्रमाने येणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. तो आटेपर्यंत थांबलात तर उशीर होतो. बोलण्यातला गोंधळ, चिडचिड, अडखळती चाल, ही खूण धरायची.

आमच्या कागदावर एक ओळ होती : कुणाच्याही बोलण्यात फरक पडला की त्याला न विचारता थांबायचं. ही ओळ त्या मैत्रिणीनेच लिहायला लावली होती. ती डोंगरातल्या बचावकार्याला जाणारी आहे. आम्ही करवंदीच्या जाळीच्या तोकड्या सावलीत त्याला आडवा केला, कपडे सैल केले, पिण्याचं होतं नव्हतं ते पाणी त्याच्या मानेवर, काखेत, जांघेत ओतलं आणि टोप्यांनी वारा घातला. आधी अंग थंड करायचं, हलवायचं ते नंतर. पाजायची घाई करू नका. पूर्ण शुद्धीवर असेल तरच घोटघोट, आणि नुसतं पाणी नको, मीठ-साखरेचं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठच करून ठेवा.

तेवढ्यात चित्रीकरण करणाऱ्यांकडून विचारणा झाली, की तो जरा सावरला तर टाक्यापर्यंत जाऊन प्रसंग पूर्ण करता येईल का? विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरही वेळेचा आणि पैशाचा ताण होता. मैत्रिणीने खिशातून कागद काढून दाखवला आणि म्हणाली, हे आम्ही आधीच ठरवलंय. वाद झाला नाही. तोंडाने 'नको' म्हणालो असतो तर समजावणी झाली असती, गळ घातली गेली असती. आम्ही स्पर्धेतून बाहेर पडलो.

कागदावर अजून काय असावं? परत फिरण्याची वेळ घड्याळाच्या आकड्यात, 'अंधार पडायच्या आत' अशी मोघम नको. पाणी निम्मं संपलं आणि पुढचं खात्रीचं पाणी ठाऊक नसेल तर माघार. आणि सर्वांत महत्त्वाचं, चौघांपैकी एकाने जरी नको म्हटलं तर चर्चा नाही. इको-चॅलेंज ही 1995 मध्ये यूटात सुरू झालेली टीव्हीवरची साहसशर्यत. तिथे जुना नियमच होता, की संघातल्या सगळ्यांनी एकत्र शेवट गाठायचा. एक गळला तर संघ बाद. हा नियम दुधारी आहे. संघ एकमेकांना जपतो, हे खरं. पण माझ्यामुळे सगळे बाद होतील या भीतीने दुखणारा माणूस गप्पही बसतो. गप्प बसणाऱ्याला संघाने ओळखावं लागतं.

त्याच शर्यतीच्या 2000 च्या बोर्निओतल्या पर्वाची गोष्ट कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी तर नक्की ऐकावी. साबाह प्रांतात तीनशेच्या वर स्पर्धक जंगल, गुहा, नद्या पार करून घरी गेले, आणि मग देशोदेशी तापाने आजारी पडू लागले. लेप्टोस्पायरोसिस! अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 189 जणांशी संपर्क साधला. त्यातल्या 80 जणांची लक्षणं या आजाराशी जुळली. सेगामा नदीत पोहणं हे मोठं कारण ठरलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. हा आजार आपल्याकडे दर पावसाळ्यात येतो. शर्यतीत साचलेल्या किंवा संथ पाण्यात उतरायचं असेल, पायाला जखमा असतील, तर प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर कुठल्या पाण्यात उतरला होतात ते न विसरता सांगा. डॉक्टरांना ते आपणहून कळणार नाही.

आता करारपत्र. सही करताना सगळे बक्षिसाची रक्कम वाचतात. तुम्ही हे विचारा : सोबत डॉक्टर आहे का, तो दिवसभर किती अंतरावर असेल, जवळचं रुग्णालय कुठलं, वायरलेस चालत नाही अशा घळी कुठल्या? बऱ्याच अपघात विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. तुमच्यासाठी कुठली पॉलिसी काढली आहे तिची प्रत मागा. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. दोर, झिपलाइन वगैरे ज्यांच्या हाती आहे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांसारख्या संस्था रात्री-अपरात्री लोकांना डोंगरातून खाली आणतात. चित्रीकरण कुठे आणि केव्हा आहे हे जवळच्या बचावपथकाला कळवलंय का, हाही प्रश्न यादीत ठेवा. ड्रोन उडणार असेल तर आसपासच्या कड्यात आग्या मोहोळ आहे का, ते गावात विचारायला सांगा.

धोका दर वेळी जंगलाकडूनच येतो असंही नाही. 9 मार्च 2015 रोजी अर्जेंटिनाच्या ला रिओहा प्रांतात 'ड्रॉप्ड' या फ्रेंच कार्यक्रमाच्या चित्रीकरणात दोन हेलिकॉप्टर्स हवेत एकमेकांवर आदळली. दहाच्या दहा माणसं गेली. त्यांत एकटीने अटलांटिक पार करणारी फ्लोरांस आर्तो होती, लंडन ऑलिंपिकची सुवर्णविजेती जलतरणपटू कामी म्युफा होती. कसलेले खेळाडू होते ते. त्यांची तंदुरुस्ती तिथे कामाची नव्हती. म्हणून गाडी, बोट, हेलिकॉप्टर, काहीही असो, ज्यात बसवतात त्याबद्दल प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता किल्ल्याचं नाव का लिहिलं नाही ते. भाग दाखवल्यानंतर काही महिन्यांनी मी मामांना भेटायला वाडीत गेले. टाक्याच्या काठची जमीन उकरलेली होती, एका बाजूचा दगड पहारीने हलवलेला. टीव्हीवर 'खजिना' शब्द आला, पेटी दिसली, आणि गुप्तधनाच्या मागे असलेली माणसं पोचली. त्या टाक्यातलं पाणी मार्च-एप्रिलमध्ये गुरांना लागतं. मामा रागावले नव्हते, पण मला त्यांच्याकडे बघवेना. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दल आपल्याकडे 1878 चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खोदणं हा तर गुन्हाच आहे. हे पडद्यावर एका ओळीत सांगता आलं असतं.

तुम्ही स्पर्धक असलात तरी हे मागू शकता. जागेचं नेमकं नाव दाखवू नका, पेटी मातीत पुरू नका, उघड्यावर ठेवा, आणि प्रत्येक भागात सांगा की हे खेळासाठी ठेवलेलं आहे, इथे दुसरं काही नाही. निवड झाल्याचा फोन येतो तेव्हा तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. सही झाल्यावर तेवढं ऐकत नाहीत. वाडीतल्या ज्या माणसांच्या खांद्यावरून पाणी, पेट्या आणि कधी जखमीही जातात, त्यांना रोजची मजुरी किती मिळणार, आणि विमा फक्त स्पर्धकांचा आहे की त्यांचाही, हे त्याच फोनवर विचारा.