हेलिकॉप्टर भिंतीवर का आदळते?

२००३ नंतरच्या काही वर्षांत घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या सायबर कॅफेंत तासाच्या दराने संगणक मिळत, आणि मुले तेथे प्रामुख्याने खेळायलाच जात. त्यांचा एक आवडता खेळ म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी'. (त्याचे कथानक शाळकरी वयासाठी मुळीच नाही, आपल्याला येथे फक्त त्यातले यंत्रशास्त्र पाहायचे आहे.) त्यात दूरनियंत्रित चिमुकल्या हेलिकॉप्टरने अर्धवट बांधलेल्या इमारतीत चार बाँब ठेवायचे असत, तेही ठरलेल्या वेळात. कित्येकांची गाडी येथेच अडे. हेलिकॉप्टर भिंतीवर आदळे, नाहीतर वेळ संपे. दोष मुलांच्या बोटांचा होता काय?

हा खेळ प्रथम ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशन-२ या कन्सोलसाठी निघाला. संगणकावर तो मे २००३ मध्ये आला. एका यंत्रासाठी रचलेला खेळ असा दुसऱ्यावर आणणे म्हणजे 'पोर्ट' करणे. चित्रे, रस्ते, आवाज सारे तसेच येते. हातातले साधन मात्र बदलते.

कन्सोलच्या नियंत्रकावर अंगठ्याने हलवायची छोटी दांडी असते. तिच्याखाली परस्परांशी काटकोनात दोन परिवर्ती रोध बसवलेले असतात. दांडी कलली की त्या प्रमाणात विद्युतदाब बदलतो आणि त्याचे ० ते २५५ पैकी एका संख्येत रूपांतर होते. दांडी मध्यावर असताना ही संख्या सुमारे १२८ असते. म्हणून हेलिकॉप्टर हवे तेवढेच कलवता येते. कीबोर्डची कळ मात्र दिव्याच्या बटणासारखी : एक तर दाबलेली, नाही तर सोडलेली. 'किंचित डावीकडे' हे सांगायला तिच्यापाशी संख्याच नाही.

चौकटीच्या कागदावर केवळ आडव्या-उभ्या रेषांनी वर्तुळ काढून पाहा. जिना तयार होईल. चौकटी जितक्या लहान, तितका जिना वर्तुळासारखा दिसेल. सराईत मुले नकळत हेच करीत. कळ दाबून न धरता ती टकटक वाजवीत. निम्मा वेळ दाबली, निम्मा वेळ सोडली, की सरासरी परिणाम निम्मा! खेळातल्या वाहनाला जडत्वही दिलेले असल्याने धक्के एकमेकांत मिसळून जातात. बोरिवलीहून सुटणाऱ्या आजच्या लोकलच्या मोटारींना होणारा वीजपुरवठाही इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करून असाच हवा तेवढा केला जातो.

दुसरी तक्रार 'सेव्ह'ची. हा खेळ कोठेही जतन करता येत नसे. नायकाच्या घरी परतावे लागे. कन्सोलची मुख्य स्मृती ३२ मेगाबाइट, तर जतन करायचे कार्ड अवघे ८ मेगाबाइटचे. म्हणजे सारी मुख्य स्मृती जशीच्या तशी टिपणे शक्यच नव्हते. पूर्ण केलेल्या कामगिऱ्या, पैसे, शस्त्रे अशा निवडक गोष्टींची नोंद होई. संगणकाच्या हार्ड डिस्कवर जागेचा तोटा नव्हता, तरी नियम जुनाच राहिला. मला तरी हा आळस वाटतो. काहींच्या मते घरी पोचण्याच्या धडपडीतच गंमत होती.

कॅफेत मात्र तास संपला की घर गाठायला वेळ उरत नसे. गाठलेच, तरी नोंदींसाठी खण आठच, आणि तेही त्या एकाच संगणकावर. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसराच मुलगा बसलेला असे, आणि त्याने आपला खेळ नेमका आपल्याच खणात ठेवलेला असे.